करकंडकथा व अद्भुतकथेचे कथनसंकेत

करकंड (करकंडू) या पौराणिक राजाची जैन परंपरेतील कथा आणि तिच्या अनुषंगाने दिसून येणारे अद्भुतकथेचे रूढ कथनसंकेत. धाराशिव (२०२३ पर्यंतचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर हे प्राचीन नगर व धाराशिव शहराजवळील लेणी ही या कथेतील प्रमुख घटनास्थळे होत. गुप्त जन्म झालेला नायक, त्याला ओळखणारा दिव्य प्राणी, अवाढव्य जलचराशी झुंज, आकाशगामी विद्याधर, मागील युगाचा वृत्तांत सांगणारा अलौकिक निवेदक इत्यादी घटक या कथेत एकत्र आले आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून किशोरवयीन वाचकांसाठी इंग्रजीत लिहिल्या गेलेल्या ड्रॅगनविषयक कादंबरीमालांतही यांतील बहुतेक घटक आढळतात. त्यामुळे अद्भुतकथेच्या संकेतांचा अभ्यास करण्यास करकंडकथा हे महाराष्ट्राशी निगडित असे एक सोयीचे उदाहरण ठरते.

कथनसंकेत म्हणजे कथेच्या रचनेत पुनःपुन्हा येणारी आणि श्रोत्यांना परिचित असलेली योजना. राजा निपुत्रिक मरण पावला, की हत्ती सोंडेत माळ घेऊन निघणार, हे श्रोत्यास ठाऊक असते. ती माळ कोणाच्या गळ्यात पडणार, एवढीच त्याची उत्सुकता असते. संकेतामुळे कथा स्मरणात ठेवणे सुलभ होते, तिचा विस्तार वा संकोच करता येतो आणि नव्या स्थळी ती सहज रुजते. संकेत म्हणजे कल्पनादारिद्र्य, हा समज त्यामुळे अपुरा ठरतो. शिवाय कथेतील कोणता भाग संकेताने आला आहे हे ओळखता आले, तर उरलेल्या भागात स्थळाची कोणती स्मृती टिकून आहे, याचा विचार करता येतो.

कथेची परंपरा : करकंडूचे नाव बौद्ध व जैन अशा दोन्ही परंपरांना परिचित आहे. पाली कुंभकार जातकात कलिंग देशातील दंतपूरचा राजा करंडू हा चार प्रत्येकबुद्धांपैकी एक म्हणून येतो. फळांनी लगडलेला आम्रवृक्ष लोकांनी ओरबाडला आणि फळे नसलेला वृक्ष मात्र सुरक्षित राहिला, हे पाहून त्याला विरक्ती आली, असे तेथे सांगितले आहे. श्वेतांबर जैनांच्या उत्तराध्ययनसूत्रातही कलिंगाचा करकंडू हा राज्यत्याग करणाऱ्या राजांत गणलेला आहे. या प्राचीन उल्लेखांत करकंडू हा केवळ वैराग्याचा दृष्टांत आहे. तेरचा वा लेण्यांचा तेथे संबंध नाही. दिगंबर परंपरेत तो संबंध जोडला गेला. हरिषेणाच्या बृहत्कथाकोशात (दहावे शतक) करकंडूचे आख्यान आहे. अकराव्या शतकाच्या मध्यास मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत करकंडचरिउ हे दहा संधींचे काव्य रचून या आख्यानास विस्तृत रूप दिले. या काव्याची चिकित्सक आवृत्ती हिरालाल जैन यांनी १९३४ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केली आणि प्रस्तावनेत कथेतील तेरापूर म्हणजे तेर व कथेतील लेणे म्हणजे धाराशिवचे लेणे, असे प्रतिपादन केले.

कथासार : चंपा नगरीच्या धाडिवाहन राजाची राणी पद्मावती गर्भवती असताना मदोन्मत्त हत्ती तिला अरण्यात घेऊन जातो. तिचा पुत्र दंतीपूरच्या स्मशानात जन्मतो व एका मातंगाच्या घरी वाढतो. हा मातंग वस्तुतः शापित विद्याधर असतो आणि मुलास राज्य मिळाले, की त्याचा शाप संपणार असतो. मुलाच्या हातास कंडू असल्यामुळे त्याचे नाव करकंडू पडते. दंतीपूरचा राजा निपुत्रिक मरण पावतो. तेव्हा राजहस्ती स्मशानापर्यंत येऊन करकंडूला अभिषेक करतो. पुढे चंपेचा राजा त्याच्याकडे खंडणी मागतो. पिता-पुत्र एकमेकांस न ओळखता रणांगणात उतरतात. पद्मावती मध्ये पडून ओळख देते आणि पिता पुत्रास राज्य देऊन निघून जातो.

यानंतर करकंडू दक्षिणदिग्विजयास निघतो व वाटेत तेरापूर येथे मुक्काम करतो. जवळच्या डोंगरात सहस्र स्तंभांचे एक लेणे असून त्यावरच्या बाजूस असलेल्या वारुळाची एक हत्ती रोज जल व कमळे वाहून पूजा करतो, असे तेथील राजा त्याला सांगतो. करकंडू ते वारूळ खणवितो, तेव्हा आत पार्श्वनाथाची मूर्ती सापडते. लेण्यातील मूळ मूर्तीच्या सिंहासनावर एक गाठ दिसते. तिच्यामागे पाण्याचा झरा अडविलेला आहे, असे शिल्पी सांगत असतानाही राजा ती फोडावयास लावतो. पाण्याचा लोंढा उसळून लेणे भरून जाते आणि राजा पश्चात्तापाने खचतो. तेव्हा एक दिव्य व्यक्ती प्रकट होऊन लेण्याचा पूर्ववृत्तांत कथन करते : नील व महानील हे दोन विद्याधर बंधू स्वदेशातून परागंदा होऊन तेरापुरास आले, त्यांनी येथे राज्य स्थापिले व हे लेणे खोदविले. वारुळाची पूजा करणारा हत्तीही पूर्वजन्मीचा विद्याधरच होता. करकंडू तेथे नवी लेणी खोदवितो.

पुढील भागात त्याच्या राणीचे हत्तीच्या रूपातील विद्याधराकडून हरण होते. सिंहलद्वीपी दुसरा विवाह करून परतताना समुद्रात एक प्रचंड मत्स्य नौकेवर चालून येतो. करकंडू पाण्यात उडी घेऊन त्याला ठार करतो, परंतु एक विद्याधरी त्यालाच पळवून नेते. कालांतराने त्याची सुटका होते. चोल, चेर व पांड्य राजांना जिंकून तो त्यांच्या मस्तकांवर पाय ठेवतो. तोच त्यांच्या मुकुटांवर जिनप्रतिमा दिसल्याने तो ओशाळतो. परतीच्या वाटेवर तेरापुरास त्याला हरवलेली राणी पुन्हा मिळते. अखेर एका मुनीकडून पूर्वजन्म समजल्यावर तो राज्यत्याग करतो. पूर्वजन्मी तो तेरापूरचा गोपाळ होता व त्याने चिखलाने माखलेल्या हातांनी जिनमूर्तीस कमळ वाहिले होते. राजपद व हाताची कंडू ही दोन्ही त्या एकाच कृत्याची फळे होत.

प्रमुख संकेत : (१) गुप्त जन्म व अज्ञात कुलातील संगोपन. हा संकेत कर्ण व कृष्ण यांच्या कथांमुळे सर्वपरिचित आहे. क्रिस्टोफर पाओलिनी या अमेरिकन लेखकाच्या एरागॉन (खाजगी आवृत्ती २००२, सार्वत्रिक प्रकाशन २००३) या कादंबरीचा नायकही मामाच्या शेतावर वाढलेला, स्वतःच्या पित्याविषयी अज्ञानी असा मुलगा आहे. टुई टी. सदरलँड यांच्या विंग्ज ऑफ फायर या मालेच्या (२०१२ पासून) आरंभी पाच ड्रॅगनशावके डोंगराखालील गुहेत जगापासून लपवून वाढविलेली असतात.

(२) प्राण्याने केलेली निवड. भारतीय कथांत हे काम बहुधा हत्ती करतो. हत्ती, अश्व, चामर, छत्र व कुंभ या ‘पंचदिव्यां’नी राजा निवडण्याची कल्पना जैन कथांत विशेष रूढ आहे. मराठी लोककथांतील माळ घेतलेली हत्तीण हे तिचेच रूप. ड्रॅगनकथांत अंड्यातून बाहेर पडणारे पिलू आपला माणूस स्वतःच निवडते. अ‍ॅन मॅकॅफ्री यांच्या ड्रॅगनफ्लाइट (१९६८) या कादंबरीत हे नाते आजन्म व मनोमय असते. एरागॉनमध्येही योग्य व्यक्ती समोर आल्याशिवाय अंडे फुटत नाही. दोन्हीकडे आशय एकच : मनुष्यांच्या सभेस जे दिसत नाही, ते प्राण्यास दिसते. करकंडूच्या बाबतीत या संकेतास सामाजिक धारही आहे. कारण हत्ती राजवाड्याकडे न वळता स्मशानाकडे, मातंगाच्या घरी वाढलेल्या मुलाकडे जातो. तथापि हा मुलगा जन्माने राजपुत्रच आहे, असे सांगून कथा ती धार पुन्हा बोथट करते. बहुतेक सर्व अद्भुतकथांची ही मर्यादा आहे.

(३) शापित किंवा वेषांतरित गुरू. करकंडूचा पालक मातंग म्हणजे विद्या हरपलेला विद्याधर. एरागॉनमधील गावोगाव कथा सांगणारा वृद्ध म्हणजे एकेकाळचा ड्रॅगनस्वार. शिष्याच्या उत्कर्षातच गुरूची मुक्तता असते.

(४) आप्तांची अजाणता झुंज. फिर्दौसीच्या शाहनाम्यातील रुस्तुम-सोहराब यांचे युद्ध हे याचे प्रसिद्ध उदाहरण. पाओलिनीच्या मालेतील दुसऱ्या भागातही (२००५) नायकास रणांगणात आपल्याच मातेच्या दुसऱ्या पुत्राशी लढावे लागते.

(५) पूर्ववृत्तांत जाणणारा दीर्घायुषी निवेदक. मानवी पिढ्या विसरतात ते विद्याधर, नाग किंवा ड्रॅगन यांस स्मरते. पाओलिनीच्या मालेत मृत ड्रॅगनांच्या ‘हृदयां’त त्यांची जाणीव टिकून राहते आणि शेवटच्या भागात (२०११) अशा हृदयांचा लपविलेला साठा सापडल्यावर गतकाळ उलगडतो.

नाग व ड्रॅगन : यूरोपीय परंपरेतील ड्रॅगन हा पंख असलेला, अग्नी ओकणारा व द्रव्यसंचयावर बसलेला सर्प होय. जे. आर. आर. टोल्कीन यांच्या द हॉबिट (१९३७) या कादंबरीतील ड्रॅगन याच घडणीचा आहे. त्याचा वध करणे हे वीराचे कृत्य समजले जाई. त्याच्याशी सख्य करण्याची कल्पना मुख्यतः विसाव्या शतकात दृढ झाली. भारतीय नागही भूमिगत धनाचा व जलाशयाचा रक्षक आहे, परंतु तो मुळातच वध्य नाही. पार्श्वनाथाच्या मस्तकावर धरणेंद्र नाग फणा धरून संकटात त्यांचे रक्षण करतो. धाराशिवच्या लेण्यातील मूर्तीही याच नागफणांकित रूपातील आहे.

या संदर्भात शिलाहार राजवंशाची कुलकथा लक्षणीय आहे. कोकण व कोल्हापूर येथे राज्य करणारे शिलाहार स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. तगरपूर म्हणजे तेर. जीमूतवाहन या विद्याधराचे आपण वंशज आहोत, असेही ते सांगत. जीमूतवाहनाने एका नागाचे प्राण वाचविण्यासाठी गरुडास स्वतःचा देह अर्पण केला, ही कथा हर्षाच्या नागानंद नाटकाचा व कथासरित्सागरातील एका आख्यानाचा विषय आहे. येथे वीर नागास मारीत नाही, त्याच्या जागी स्वतः मरावयास सिद्ध होतो. तेरापूरचे राज्य विद्याधरांनी स्थापिले हा करकंडचरिउतील वृत्तांत व शिलाहारांचा विद्याधरवंश यांची सांगड हिरालाल जैन यांनी घातली होती. नील-महानील या व्यक्तींना ऐतिहासिक मानण्यास स्वतंत्र पुरावा नाही. तथापि तेरशी नाते सांगणाऱ्या एका घराण्याची कुलकथा व तेरविषयीची धर्मकथा या दोहोंत विद्याधरच येतात, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

स्थळ व स्मृती : तेरणा नदीकाठचे तेर हे सातवाहनकालीन व्यापारी नगर होते. पेरिप्लस या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर असल्याचा व तेथील कापड भडोच बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ्. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. येथील त्रिविक्रम मंदिर ही मुळात बौद्ध चैत्याची विटांची वास्तू असावी, असे हेन्री कझिन्स यांचे मत होते. तेरच्या परिसरात वास्तू टिकल्या, पण त्यांचे उपासक बदलले, याचे हे उदाहरण होय.

धाराशिवची लेणी शहरापासून सु. ८ किमी. अंतरावर बालाघाट डोंगररांगेत आहेत. जेम्स बर्जेस यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांचे वर्णन केले. सर्वांत मोठ्या लेण्यात स्तंभयुक्त विस्तीर्ण मंडप, सभोवती खोल्या व गाभाऱ्यात पार्श्वनाथाची मूर्ती अशी रचना आहे. ही लेणी प्रारंभापासून जैन होती, की मूळच्या बौद्ध विहारांचे पुढे जैनीकरण झाले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

या लेण्यांच्या इतिहासासाठी करकंडचरिउचा उपयोग करताना संकेत व स्मृती यांचा भेद करावा लागतो. स्तंभांची ‘सहस्र’ ही संख्या संकेताने आलेली आहे. प्रत्यक्षातील स्तंभ काही दशकांत मोजण्याजोगे आहेत. वारुळात मूर्ती सापडणे हाही महाराष्ट्रातील अनेक क्षेत्रकथांत आढळणारा संकेत आहे. परंतु डोंगरातील प्रशस्त लेणे, तेथील पार्श्वनाथ आणि लेण्यात पाणी भरणे हे तपशील स्थळाशी जुळतात. खडकात कोरलेल्या लेण्यांत पाणी पाझरून साचणे ही नित्याची गोष्ट आहे.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे कथेने नायकास या लेण्याचे श्रेय दिलेले नाही. चरितकाव्याचा संकेत नायकाच्या गौरवाचा असल्याने आद्य लेणे करकंडूनेच खोदविले असे म्हणणे कवीस सोपे होते. त्याऐवजी लेणे आधीपासून आहे, तेथील राजा ते दाखवू शकतो, पण ते कोणी खोदविले हे मात्र दिव्य व्यक्तीसच सांगावे लागते. यावरून अकराव्या शतकापर्यंत या लेण्याचा मूळ कर्ता जैन कथापरंपरेच्या स्मृतीतून नाहीसा झाला असावा, असे अनुमान करता येते. जेथे मानवी स्मृती संपली, तेथे अलौकिक निवेदकाचा संकेत पुढे आला. लेण्यांच्या मूळ धर्माविषयीचा वाद या अनुमानाने मिटत नाही. तो उद्‌भवण्याइतके विस्मरण पूर्वीच झाले होते, एवढे मात्र त्यावरून सूचित होते.

जिल्ह्यातील अन्य कथा : विस्मृत भूतकाळ अद्भुताने भरून काढण्याची ही रीत जिल्ह्यातील क्षेत्रकथांतही दिसते. तुळजापूरच्या माहात्म्यकथेत कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती हिला त्रास देणाऱ्या कुकुर दैत्याचा भवानीदेवी वध करते. दैत्य महिषाचे रूप घेतो, हा रूपपालटाचा संकेत होय. देवी त्वरेने धावून आली म्हणून ती त्वरिता, तुरजा व पुढे तुळजा, अशी नामाची उपपत्ती दिली जाते. धाराशिव हे नावही लोककथेत धारासुर या दैत्याशी जोडले जाते आणि शहरात धारासुरमर्दिनीचे मंदिर आहे. गोंधळी व आराधी यांच्या गायनातून देवीच्या कथा जिल्हाभर पसरल्या. स्थलनामाचा उगम विसरला गेला, की तेथे दैत्यवधाची कथा येते. मात्र अशी उपपत्ती भाषिक व्युत्पत्ती म्हणून स्वीकारता येत नाही.

आधुनिक काळ : विद्याधर, हरण, समुद्रप्रवास व पुनर्मीलन या संकेतांचा मोठा साठा गुणाढ्याच्या बृहत्कथेकडे जातो. तिची उत्पत्तिकथा प्रतिष्ठानच्या (पैठणच्या) सातवाहन राजाशी निगडित आहे. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची मुक्तामाला (१८६१) व नारो सदाशिव रिसबूड यांची मंजुघोषा (१८६८) या आरंभीच्या मराठी कादंबऱ्यांनी अद्भुतरम्यतेचाच आश्रय घेतला. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मधील निबंधात अशा असंभाव्यतेवर टीका केली आणि पुढे वास्तववादी कादंबरीची प्रतिष्ठा वाढली. अद्भुतकथा बालवाङ्मयाच्या कक्षेत गेली. एकविसाव्या शतकातील मराठी कुमारवाचक ड्रॅगनकथा मुख्यतः इंग्रजीतून, अनुवादांतून व चित्रपटांतून वाचतो-पाहतो. त्यांतील संकेत त्याला नवे वाटले, तरी त्यांतील बरेचसे त्याच्या प्रदेशात हजार वर्षांपूर्वी रुजलेले होते.

तथापि हे साम्य रचनेपुरते आहे. दोन्हीकडील संकेत एकाच उगमातून आले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यांचे प्रयोजनही भिन्न आहे. ड्रॅगनकथांचा रोख वयात येणाऱ्या मुलाचे स्वत्व व त्याची निवड यांवर असतो. विंग्ज ऑफ फायरमध्ये तर ज्या भविष्यवाणीवर सर्व विसंबलेले असतात, ती रचलेली असल्याचे पुढे उघड होते आणि शावकांना स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यावे लागतात. करकंडकथेत भविष्याऐवजी पूर्वजन्म निर्णायक ठरतो आणि सामर्थ्याची परिणती त्यागात होते. करकंडूचे पराक्रम पुष्कळ असले, तरी कथेने अधोरेखित केलेले क्षण त्याच्या चुकांचे आहेत : शिल्पीने सांगूनही फोडलेली गाठ, जिनप्रतिमा असलेल्या मुकुटांवर ठेवलेला पाय आणि कमळ वाहणारे मळके हात. वीरकथेचे सर्व संकेत स्वीकारून या कथेने त्यांचा शेवट पश्चात्ताप व वैराग्य यांकडे वळविला. तेर-धाराशिव परिसराच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र तिचे मोल आणखी एका कारणासाठी आहे. ज्या लेण्याचा कर्ता विस्मृतीत गेला होता, त्या लेण्यास तिने नाव, स्थान व वृत्तांत दिला आणि त्यामुळेच विसाव्या शतकातील संशोधकास त्याचा माग काढता आला.